माळाचा कुत्रा, उसाचा मुलूख

"ह्याला खायला घालता का न्हाई वो?"

कारवानी कुत्रं पाळलेल्या माणसाला जन्मात सगळ्यात जास्त वेळा ऐकावा लागणारा प्रश्न हाच. आमच्या हरणीला घेऊन मी भिगवणच्या रस्त्याला चहाच्या टपरीवर थांबलो, की पहिल्या दोन घोटांच्या आत कोणीतरी तो विचारतंच. मी उत्तर देईपर्यंत दुसऱ्या कोणीतरी तिच्यापुढे अर्धा बिस्किटपुडा टाकलेला असतो. हरणी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, कारण अनोळखी हातचं तिला चालत नाही. मग निदान पक्कं होतं: आजारी दिसतंय.

आजारी नाही. तिचा घाटच तसा आहे. लांब निमुळतं तोंड, लांब मान, खाली खोल उतरलेली छाती आणि तिच्यामागे एकदम आत ओढलेलं पोट. कंबर किंचित कमानदार, मांड्या मात्र भरलेल्या. कातडी इतकी पातळ की उन्हात उभी राहिली तर पायावरच्या शिरा मोजाव्यात. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या प्रमाणानुसार नराची खांद्यापाशी उंची ६८ ते ७२ सेंटिमीटर, म्हणजे सव्वादोन फुटांच्या आसपास. मादी दोन-तीन बोटं ठेंगणी. एवढ्या उंचीचा अल्सेशियन पस्तीस किलोच्या पुढे सहज जातो. कारवानी पंचवीसच्या आगेमागे थांबतो. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या पाहिजेत, कंबरेची हाडं हाताला लागली पाहिजेत. त्या दिसेनाशा झाल्या, तर काळजी करायची.

या कुत्र्याला नावं तीन आणि त्यावरून होणारी भांडणं अगणित. बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या आमच्या पट्ट्यात त्याला कारवान किंवा कारवानी म्हणतात. कारवान म्हणजे काफिला, शब्द फारसी. इराण, अफगाणिस्तान, मध्य आशियाकडून दख्खनेत व्यापारी आणि सैनिक येत राहिले, आणि त्यांच्या तांड्याबरोबर सालुकी, ताझी अशी त्यांची शिकारी कुत्री आली, असं मानलं जातं. बहमनी आणि आदिलशाही फौजांना घोडे पुरवणारा व्यापार त्याच दिशेने चालत होता, त्यामुळे घोड्याच्या मागोमाग कुत्रंही आलं यात नवल वाटायला नको. त्यांच्यातल्याच ज्या कुत्र्यांच्या कानांवर, पायांच्या मागे आणि शेपटीला रेशमासारखे लांब केस असतात, त्यांना पश्मी म्हणतात. पश्म म्हणजे लोकर. पश्मिना शालीतला पश्म तोच.

तिसरं नाव मुधोळचं. आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात असलेलं मुधोळ हे घोरपड्यांचं मराठा संस्थान. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेरडांकडची ही चपळ कुत्री पाहिली, राजवाड्यात त्यांची पैदास सुरू केली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडला गेले तेव्हा एक जोडी बादशहा पंचम जॉर्जला भेट दिली, अशी हकीकत सांगतात. तेव्हापासून 'मुधोळ हाऊंड' हे नाव रूढ झालं. केनेल क्लब ऑफ इंडिया मात्र 'कॅरव्हान हाऊंड' असंच नोंदवतो. दोन्ही बाजूंची माणसं आपापल्या नावासाठी हमरीतुमरीवर येतात. माझं मत विचाराल तर सीमेच्या अलीकडचं आणि पलीकडचं कुत्रं रक्ताने सख्खं आहे. पण मुधोळच्या बाजूने एक गोष्ट कबूल करायला हवी. त्यांनी त्या नावामागे सरकार उभं केलं. मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. २००५ च्या जानेवारीत टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात हिमालयन शीपडॉग, रामपूर हाऊंड आणि राजापालयम यांच्या रांगेत मुधोळ होता. २०१६ मध्ये सैन्याच्या मेरठच्या केंद्राकडे त्याची पिल्लं प्रशिक्षणाला गेली. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पशुधन नोंदवहीत कुत्र्यांच्या म्हणून पहिल्या ज्या तीन जाती चढल्या, त्यांतली एक मुधोळ. बाकी दोन तमिळनाडूच्या. महाराष्ट्राच्या खात्यावर त्या तिघांतली एकही नाही. आपल्याकडे वा. वि. सोमणांसारख्या माणसाने १९६३ मध्येच भारतीय कुत्र्यांवर आख्खं इंग्रजी पुस्तक लिहून ठेवलं होतं, तरीही.

आता हे कुत्रं या मुलखात काय करत होतं ते बघू.

आज पुण्याहून सोलापूर रस्त्याने येणाऱ्याला इंदापूर म्हणजे ऊस, केळी, डाळिंब आणि उजनीचं पाणी दिसतं. हे सगळं उसनं पाणी आहे. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आला, उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं. त्याआधी, आणि कालव्याच्या वरच्या अंगाला आजही, हा पर्जन्यछायेतला माळ आहे. मुरमाड जमीन, गुडघ्याएवढं कुसळीचं गवत, मध्येच एखादी बाभूळ किंवा हिवर. अशा माळावर लपायला जागा नसते. ससा, खोकड, चिंकारा यांनी जगण्याची एकच युक्ती काढली: लांबून बघायचं आणि पळायचं. त्यांच्या मागे जाणाऱ्यालाही तेच करावं लागलं. लांबून बघायचं आणि जास्त जोरात पळायचं.

शिकारी कुत्र्यांची ढोबळ दोन घराणी असतात. एक नाकावर चालणारं, दुसरं डोळ्यावर. जंगलात, झाडीत, कोकणच्या रानात नाकाचं राज्य. तिथे कुत्री टोळीने माग काढतात, भुंकतात, जनावर अडवून धरतात. माळावर डोळ्याचं. कारवानी डोळ्याचा आहे. लांब तोंडाच्या कुत्र्यांचे डोळे थोडे बाजूला बसलेले असतात, त्यामुळे मान न वळवता त्यांना साधारण २७० अंशांचा मुलूख दिसतो. माणसाला १८० च्या आसपास. शिवाय त्यांच्या डोळ्याच्या पडद्यावर नजरेच्या पेशींची दाटी एखाद्या आडव्या पट्टीसारखी पसरलेली असते. क्षितिजाची रेघ आणि पट्टीची रेघ एकमेकींवर बसतात. रंग त्याला धड दिसत नाहीत, लाल-हिरव्याचा भेद तर नाहीच. पण दूरवर गवताच्या टोकाला काही हललं, की हरणीचे कान आधी मागे जातात, मग मान ताठ होते, आणि मी तिथे काही शोधत असेपर्यंत माझ्या हातातला पट्टा ताणलेला असतो.

पळणं बघण्यासारखं असतं, आणि समजून घेतलं तर आणखी. घोडा भरधाव सुटला की प्रत्येक झेपेत एकदाच चारी पाय जमिनीवरून उचलतो. कारवानी, ग्रेहाऊंड, चित्ता ही मंडळी प्रत्येक झेपेत दोनदा हवेत असतात: एकदा चारी पाय पोटाखाली गोळा करून, एकदा पुढे-मागे पूर्ण ताणून. मधला कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. म्हणून ती कंबरेची कमान, म्हणून ते आत गेलेलं पोट: गोळा होणाऱ्या पायांना जागा हवी. खोल छातीत मोठं हृदय आणि फुप्फुसं. लांब शेपूट सुकाणूसारखं, कारण ससा सरळ पळत नाही. कुत्रं अंगाशी आलं की काटकोनात वळतो, आणि वेगातल्या जड कुत्र्याला ते वळण घेता येत नाही. ग्रेहाऊंड सपाट शर्यतीच्या रिंगणात ताशी साठ किलोमीटरच्या वर जातो. कारवानी तेवढा जलद नाही. पण दगडधोंड्यांच्या माळावर पाय न मोडता, उन्हात, दम टिकवून पळण्यात ग्रेहाऊंड त्याच्या पासंगाला पुरत नाही, असं ज्यांनी दोन्ही पाळली ते सांगतात. शर्यतीच्या नादाने लोकांनी या दोघांचा संकर करायचा सपाटा लावला. त्यात दोन-चार सेकंद मिळाले असतील, पण शुद्ध कारवानी शोधणं अवघड होऊन बसलं.

शिकारीची गोष्ट निघाली की इंदापूर तालुक्यातल्या वडापुरीचं नाव घ्यायलाच हवं. नंदीबैल सजवून दारोदार फिरणारे तिरमल नंदीवाले वर्षभर विखुरलेले असतात. त्यांच्या एकत्र जमण्याचं हे गाव. कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी चाळीसेक वर्षांपूर्वी पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास केला, आणि त्यातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी हे तिघेही याच मुलखात फिरायचे, तिघेही शिकार करायचे, पण एकमेकांच्या वाट्याला जायचे नाहीत. फासेपारध्यांचं हत्यार फास. त्यांची शिकार हरीण, तितर, लावे. वैदू मुंगूस, ऊदमांजर अशी लहान मांसाहारी जनावरं पकडायचे, पाण्यातलं कासव-खेकडे धरायचे. नंदीवाल्यांची शिकार कुत्र्यांवर: रानडुक्कर, साळिंदर, घोरपड. एकाच रानाचे तीन वाटे, कुठलाही कागद न करता पाडलेले. गाडगीळांनी यातून जातिव्यवस्था आणि निसर्गाचा वापर यांच्या नात्याबद्दल मोठा सिद्धांत मांडला; त्यावर वाद झाले आणि ते व्हायलाच हवेत, कारण एकाचा वाटा दुसऱ्याने घ्यायचा नाही या नियमात माणसालाही जन्मभर एकाच धंद्याला बांधून ठेवणं येतं. मला त्यातलं कुत्रं महत्त्वाचं वाटतं. डुकराला आणि साळिंदराला भिडायला नाकाची, टोळीने जाणारी, अंगावर घाव झेलणारी कुत्री लागतात. तिथे कारवानीचं काम नाही. साळिंदराचा एक काटा त्याच्या पातळ कातडीला पुरेसा आहे. कारवानी होता तो उघड्या माळावरच्या सशाचा, एखाद्या वाड्याच्या दारातला, मेंढपाळाच्या तांड्यातला. माझे आजोबा गावाबाहेरच्या माळावर सकाळी दोन कुत्री घेऊन जायचे आणि परत येताना त्यांच्या खांद्याला काहीतरी लोंबकळत असायचं. घरात त्याचं कौतुक व्हायचं. मीही ते कालवण भाकरीशी खाल्लंय, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्या माळावर आज हरणीला मोकळी सोडली तर मी गुन्हेगार ठरेन. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात जनावर मारणं तर आहेच. फास लावणं, हाका घालणं, आणि कुत्रं मागे घालून पळवणंही आहे. ससा हाती लागो न लागो. "आमच्या कुत्र्यानं धरला, आम्ही काय केलं?" हा बचाव त्यामुळे चालत नाही. चिंकारा पहिल्या परिशिष्टात आहे, त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षं. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये याच चिंकाऱ्यासाठी झालं. अभयारण्य म्हटल्यावर डोळ्यांपुढे ताडोबा येतो. हे जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. एखाद्या मोठ्या साखर कारखान्याच्या सभासदांचा ऊस त्याच्या कितीतरी पट जमिनीवर उभा असतो. इंदापुरातली कडबनवाडी आणि बारामतीतलं शिर्सुफळ इथल्या कुरणांवर आता वन विभागाची सफारी चालते, लोक पैसे भरून लांडगा बघायला येतात. ज्या लांडग्याला बघून मेंढपाळ छातीला हात लावायचा, त्याला बघून पुण्याची पोरं मोबाइल काढतात. चांगलंच आहे.

पण त्या लांडग्याला कुत्र्यांचा त्रास आहे, आणि तो शिकारीपुरता नाही. पुणे जिल्ह्यातल्या माळावर वेगळ्याच रंगाचा लांडगा दिसत होता. द ग्रासलँड्स ट्रस्ट या संस्थेच्या लोकांनी त्याच्या केसांचे नमुने तपासायला दिले, तेव्हा जनुकांमध्ये कुत्रं निघालं. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर अबी तमीम वनक यांनी खोकडांवर प्रयोग केले, तेव्हा जवळ कुत्रं दिसलं की खोकड समोरचं खाणं सोडून देतं असं आढळलं. डिस्टेंपर आणि रेबीज हे रोग कुत्र्याकडून रानात जातात. म्हणून कारवानी पाळणाऱ्यावर जबाबदारी जरा जास्त आहे, कारण गावठी कुत्रं माळावर भटकतं, तर हे माळावर शिकारच करतं. लसीकरण आणि पट्टा, या दोन गोष्टींवर माझ्याकडे तडजोड नाही. हाक मारल्यावर परत येणं हे कितीही शिकवा. नजरेत ससा भरला की त्याचे कान बंद होतात. त्याला तुम्ही उर्मट म्हणू शकता. हजार वर्षं त्याला नेमकं हेच शिकवलंय.

मग पळवायचं कुठे? बांध घातलेलं, तारेची चांगली सहा फूट जाळी असलेलं एखादं पडीक वावर मिळालं तर उत्तम. काटेरी तार नको. वेगात तिला अंग घासलं की वीतभर कातडी सोलून निघते, आणि हा अनुभव मी टाक्यांसकट घेतलाय. मोटारसायकलच्या मागे डांबरी रस्त्यावर पळवण्याची आपल्याकडे फार हौस. उन्हाळ्यात डांबराने तळव्यांची साल निघते. एक वर्षाच्या आतलं पिल्लू तसं पळवलं तर हाडांची वाढीची टोकं दुखावतात आणि कुत्रं जन्मभर लंगडतं. पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर, मऊ मातीत, दोन-तीन वेळा ताणून सुटू द्यावं. ते स्वतःच थांबतं. जिभेला लाळेचे दोर आणि डोळे लाल झाले, पाय अडखळले, तर ऊन लागलंय; सावलीत न्या, अंगावर, काखेत, मांड्यांत साधं पाणी ओता आणि थेट डॉक्टर गाठा. चरबी नसल्यामुळे पौषातली थंडीही त्याला तितकीच लागते. जुन्या गोधडीवर एवढं प्रेम करणारं दुसरं जनावर मी पाहिलं नाही. फरशीवर झोपू दिलं तर कोपरांना घट्टे पडतात.

इथल्या शेतात त्याच्या जिवाला असलेला सगळ्यात मोठा धोका पुस्तकात सापडत नाही: शेततळं. प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं दिसायला पाणवठा, पण काठ इतका निसरडा की एकदा आत घसरलेलं कुत्रं, कोल्हं, कधीकधी माणूसही वर येत नाही. प्रत्येक काठाला गाठी मारलेला दोर किंवा टायरांची माळ सोडून ठेवावी. दुसरा धोका बिनकठड्याच्या विहिरी. तिसरा बिबट्या, जो जुन्नरच्या उसातून गेल्या काही वर्षांत बारामती-इंदापूरच्या उसापर्यंत पोचला. उसाच्या कडेला साखळीने बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याच्यासाठी वाढून ठेवलेलं ताट. रात्री कुत्रं घरात किंवा दार बंद होणाऱ्या खोलीत हवं. राखणीला बाहेर बांधायचं असेल तर मुळात ही जात घेऊ नये.

खाण्याचं काय? जुन्या पद्धतीत बाजरीची भाकरी दुधात कुस्करून दोन वेळा, आणि शिकारीतला वाटा. शिकार गेली, वाटा गेला, भाकरी राहिली. नुसत्या दूध-भाकरीवर पोट भरतं, पण मांड्या भरत नाहीत. अंडी, शिजवलेली कोंबडी, मटणाचे स्वस्त तुकडे, काहीतरी प्राणिज रोज हवं. शिजवलेली हाडं टाळावीत, ती आतड्यात कुसळासारखी घुसतात. खाऊन तासभर तरी पळू देऊ नये; खोल छातीच्या कुत्र्यांत जठर फुगून पिळा बसतो आणि दोन-तीन तासांत खेळ आटोपतो. गेल्या दिवाळीला आमची आत्या महिनाभर राहिली होती. "पोरगीचे हाल करता रे," म्हणत तिने हरणीला तूप-पोळीवर धरलं. संक्रांतीला हरणीचं वजन चार किलो वाढलेलं आणि ती मागच्या डाव्या पायाने लंगडत होती. आत्याला वाटलं, चला, आता कुठं जरा अंगावर आली.

द्राक्षं आणि मनुके मात्र अजिबात नाही. बोरीच्या द्राक्षबागांच्या मुलखात हे सांगणं अवघड जातं, कारण तोडणीनंतर घड खाली पडलेले असतात आणि पोरं कौतुकाने कुत्र्याला भरवतात. द्राक्षाने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. तीच सावधगिरी फवारणीच्या बाबतीत. गोचीड मारायला पिकाचं औषध पाण्यात कालवून कुत्र्याच्या अंगाला चोळणारे शहाणे प्रत्येक गावात आहेत. या कुत्र्याची कातडी पातळ, अंगात चरबी नाही, विष भिनायला वेळ लागत नाही. गोचिडाकडे दुर्लक्षही नको. मेंढ्यांचा वाडा आणि भिंतीच्या फटी यांतून येणाऱ्या गोचिडाने रक्तात एर्लिकिया, बबेसिया हे जंतू जातात. ताप, खाणं सुटणं, हिरड्या पांढऱ्या पडणं, कधी नाकातून रक्त. कुत्र्यासाठीच बनवलेली गोळी किंवा मानेवर टाकायचे थेंब डॉक्टरांना विचारून द्यावेत.

डॉक्टरांचं निघालं म्हणून एक गोष्ट, जी खेडोपाडी फार कमी लोक सांगतात. नजरेवर शिकार करणाऱ्या जातींना भूल वेगळी लागते. थायोपेंटोनसारखं भुलीचं जुनं औषध चरबीत मुरतं; चरबीच नसली तर ते रक्तात फिरत राहतं, आणि या घराण्याचं यकृतही ते सावकाश फोडतं. कुत्रं तासन्‌तास शुद्धीवर येत नाही. रक्त तपासलं तर लाल पेशींचं प्रमाण जास्त आणि थायरॉईडचं प्रमाण कमी निघतं, आणि निरोगी कुत्र्याला रोग आहे असं वाटतं. नसबंदी असो, टाके असोत, आधीच सांगा: साहेब, हा हाऊंड आहे. चांगला डॉक्टर तेवढ्यावरून सगळं ओळखतो.

लसींचं वेळापत्रक सगळ्या कुत्र्यांना असतं तेच. सहा ते आठ आठवड्यांत पार्व्हो आणि डिस्टेंपरची पहिली, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, सोळा आठवडे होईपर्यंत. तीन महिन्यांना रेबीजची आणि पुढे दरवर्षी. जंताचं औषध लहानपणी दर पंधरवड्याला. कान कापण्याची पद्धत काही गावांत अजून आहे, "कान कापलं की रागीट होतं" म्हणून. कापल्याने फक्त कान जातो, आणि कायद्याने ती क्रूरता आहे.

साताऱ्याच्या शाहू छत्रपतींचा एक कुत्रा होता, खंड्या. वाघाच्या शिकारीत त्याने राजाचा जीव वाचवला, म्हणून शाहूंनी त्याला जहागीर लावून दिली आणि पालखीचा मान दिला, असं ग्रँट डफने लिहिलंय; राजाने म्हातारपणी एकदा त्याच्या डोक्यावर स्वतःची पगडीही ठेवली. संगम माहुलीला कृष्णेकाठी त्याचं स्मारक दाखवतात. आमच्या जवळच्या जेजुरीत तर देवाच्याच सोबतीला कुत्रं आहे, आणि खंडोबाचे वाघे कोटंब्यातला प्रसाद कुत्र्यासारखा खाऊन आपली भक्ती दाखवायचे. इतका मान असलेल्या प्राण्याचं पिल्लू आज मोबाइलवर फोटो बघून, 'प्युअर लाइन' असं लिहिलेलं वाचून, तीस दिवसांचं असताना टेम्पोत घालून नेतात. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि दीड वर्षाच्या आतल्या मादीवर पैदास करता येत नाही. पहिल्या आठ आठवड्यांत पिल्लू आईकडून चावण्याचं माप शिकतं, माणसाची सवय लावून घेतं. हे कुत्रं मुळातच लाजाळू आणि एकमार्गी. लवकर तोडलेलं पिल्लू पुढे प्रत्येक पाहुण्याला घाबरून चावतं.

हरणी मला निमगाव केतकीच्या पलीकडच्या एका वस्तीवर मिळाली. पैदास करणाऱ्या तात्यांनी आधी चहा पाजला, मग आई दाखवली, बाप दाखवला, आणि पिल्लू माझ्या हातात द्यायच्या आधी विचारलं, "वावर किती हाय?"

"चार एकर."

"जिरायत का बागायत?"

"बागायत," मी जरा ऐटीतच म्हणालो. "सगळा ऊस. कालव्याचं पाणी आहे."

तात्यांनी पिल्लू पुन्हा आईच्या कुशीत ठेवलं आणि हात झटकले. "उसात काय पळंल ते? पामेरियन घ्या एखादं."

मग मी सांगितलं की वडिलार्जित दोन एकर वर माळाला आहे, पडीकच आहे, कोणी घ्यायला तयार नाही, मुरूम आणि कुसळ याशिवाय त्यात काही उगवत नाही.

"मग हे आधी सांगायचं न्हाई व्हय?" म्हणत तात्या पुन्हा खाली वाकले. "पर अजून नऊ दिस कमी हाईत. पुढच्या रविवारच्या पुढं या, आनि येताना गोधडी आणा."